झाकलेल्या मूर्तींची वेबसाइट

अप्पा, तुमच्याबद्दल चार ओळी लिहून द्या म्हणून लातूरची एक मुलगी माझ्या मागं लागली आहे. आपल्या मूर्तींच्या कारखान्याची वेबसाइट ती नव्यानं करून देते आहे, आणि अशा वेबसाइटवर 'आमच्याविषयी' नावाचं एक पान असतं म्हणे. कारखाना कुणी सुरू केला, कसा वाढवला, त्यांचं ध्येय काय होतं, हे सगळं त्यात यायला हवं. ध्येय या शब्दापाशी माझं गाडं अडलं. तुम्हाला कुणी ध्येय विचारलं असतं तर हातावरची माती पुसत तुम्ही म्हणाला असता, "ध्येय कशाचं आलंय, दोन वक्ताची भाकर हाय." ते काही त्या पानावर टाकता येणार नाही. म्हणून लिहायला बसले, आणि चार ओळी राहिल्या बाजूला, हे भलतंच सुरू झालं.

जुनी वेबसाइट माझ्याच हातची. कॉम्प्युटरचा कोर्स नुकताच झाला होता आणि काहीतरी करून दाखवायची मला खुमखुमी होती. तुम्ही प्लास्टरचं रिकामं डबडं पालथं घालून माझ्या शेजारी बसलात. मागं निळा रंग, त्यावर पिवळी अक्षरं, वरती सरकणारी पट्टी, फोन नंबर तर एवढा मोठा की हायवेवरच्या ढाब्याच्या पाटीलाही लाज वाटावी. हे सगळं तुम्हाला पसंत पडलं. फोटोंवर मात्र तुम्ही अडून बसलात. आपल्याकडून गेलेल्या प्रत्येक बुद्धमूर्तीचा फोटो टाकायचा, पण डोक्यापासून छातीपर्यंत कापड घातलेला, अनावरणाच्या आधी असतो तसा. खाली गावाचं नाव. आणि सगळ्यात शेवटी तुमचं वाक्य, मी थोडं शुद्ध करून लिहिलेलं : 'चेहरा गावी जाऊन, खाली बसून बघावा. गाव चहा पाजल्याशिवाय सोडत नाही.' मी म्हणाले, अप्पा, मूर्तिकाराच्या वेबसाइटवर एकही चेहरा नाही, लोक काय म्हणतील? तुम्ही म्हणालात, "म्हणू दे की. चेहरा त्या गावाचा हाय, आपला न्हाई. दुसऱ्याची चीज आपुन कामून दाखवावी?" वेबसाइट बघून सुरुवातीला दोनच फोन आले. एकाला कापड ठोक भावात हवं होतं आणि दुसरा चहाची एजन्सी मागत होता. तुम्ही दोघांशीही अगदी अदबीनं बोललात, आणि मी आत जाऊन आईपाशी चरफडले.

पण तेव्हा त्यावाचून काही अडलं नाही, हेही खरं. कुठल्या गावानं विहार बांधला की समितीची चार माणसं जीप करून आपली मूर्ती असलेल्या गावाला जायची. विहारात बसायची, चहा प्यायची, माणूस कसा हाय, वक्तावर देतो का, एवढं विचारायची. मूर्तीबद्दल फारसं कुणी विचारत नसे, कारण ती समोरच असायची. आपल्याकडं येईपर्यंत निम्मा सौदा झालेला असायचा. आता समितीतली पोरं विहाराच्या पायरीवर बसून फोन एकमेकांच्या हातात देतात. तयार संगमरवरी मूर्ती, चारी बाजूंनी फोटो, उजेड असा की आरपार दिसावं. दहा मिनिटांत पसंती होते आणि ट्रान्सपोर्टनं मूर्ती दारात येते. यंदा देगलूरकडच्या त्या गावानं मोठा विहार बांधला, जिथं तुमची एक लहान मूर्ती आधीच आहे. मोठी मूर्ती आपल्यालाच सांगतील, असं मी धरून चालले होते. नाही सांगितली. मी न राहवून सेक्रेटरीला फोन लावला. चांगला पोरगा आहे, आडपडदा न ठेवता बोलला. "म्याडम, तुमच्या साईटवर तोंडच दिसून नाही राहिलं ना. समदे पांघरूण घेऊन बसलेत. मिटिंगमध्ये पोरं हसू लागली." मी म्हणाले, अरे, तुमच्या जुन्या विहारात आहे ती आमचीच आहे की. तो म्हणाला, "त्यो व्हय? त्यो तुमचा हाय हे कुणाला ठाव?"

हे मला फार लागलं, अप्पा. काम गेल्याचं दुःख होतंच, पण त्याहून हे जास्त. तुम्ही मूर्तीवर कधी सही केली नाही, पाठीमागं नावाची पट्टी लावली नाही, आणि वेबसाइटवर कापड घातलं. मग कुणाला कसं कळायचं? तुमचे मिस्त्री, ज्यांनी तुमचे सगळे साचे ओतले, ते आता अधूनमधून घरांच्या छताच्या प्लास्टरची कामं धरतात. माझ्यासमोर ते बोलत नाहीत, पण त्यांच्या पायांवरचा पांढरा चुना आपल्या कारखान्यातला नसतो, हे मला दिसतं. कारखान्याच्या भाड्याच्या शेडच्या मालकाकडं एका फरशीवाल्यानं गोदामासाठी जागा मागितली आहे. या हंगामात दोन-तीन मोठ्या मूर्ती आल्या नाहीत, तर मला शेड सोडावी लागेल आणि तुमचा कारखाना बंद होईल. एवढं सरळ आहे ते.

म्हणून लातूरला गेले. शिकवण्यांच्या बोर्डांच्या गर्दीत, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर त्या मुलीचं ऑफिस आहे. विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकलेली, हुशार, बोलायला गोड. तिनं आपली वेबसाइट उघडली, खाली सरकवत नेली, पुन्हा वर आणली. मग म्हणाली, "ताई, राग मानू नका, पण शवागारात आल्यासारखं वाटतं." माझ्या कानशिलात बसल्यासारखं झालं, आणि दुसऱ्याच क्षणी मला हसू आवरेना. कारण ते तसंच दिसत होतं. इतकी वर्षं मी ते रोज बघत होते आणि मला कधी दिसलं नव्हतं. ती म्हणाली, प्रोफेशनल करावी लागेल, पहिल्याच पानावर चेहरा पाहिजे, मोठा. घरी येऊन आईला सांगितलं. आई शेंगा फोडत होती. म्हणाली, "बरुबर हाय तिचं. तोंड न बघता सोयरीक झाली ती माझीच शेवटची."

तुमचं काय म्हणणं होतं ते मला ठाऊक नाही असं नाही. मला तर ते त्या वेबसाइटच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. कारखाना म्हणजे तेव्हा आपल्या घराचीच पुढची खोली. मातीची मूर्ती टेबलावर, तुम्ही तिच्या कडेला स्टुलावर, हातात लाकडी कोरणी. मी खाली पोत्यावर मांडी घालून बसलेली. डोळ्यांचं काम निघालं की मला शाळेतून आल्या आल्या बसवलं जायचं. तुम्ही पापणीवर कोरणी फिरवता आणि विचारता, "बघून राहिलाय का तुझ्याकडं?" मी म्हणते, न्हाई. "मग कुठं बघतोय?" आईकडं. आत चुलीपाशी आई भाकरी थापतेय, ती हसते. तुम्ही हसत नाही. पापणी थोडी खरवडता, मला डावीकडं सरकायला सांगता, मग दाराशी, मग अगदी पुढ्यात. विहारात माणसं कुठंही बसतात, प्रत्येकाला तो आपल्याकडं बघतोय असं वाटलं पाहिजे. बुद्धाचे डोळे अर्धे मिटलेले असतात, खाली वळलेले. उभं राहून बघितलं तर नुसत्या पापण्या दिसतात, झोपल्यासारख्या. खाली बसलं की पापणीखालून नजर येते. ती नेमकी कधी यायची ते मला आजही सांगता येणार नाही. पण एका क्षणी माझ्या अंगावर काटा यायचा आणि मी म्हणायचे, हाव. तुम्ही कोरणी ताबडतोब खाली ठेवायचात, पुन्हा त्या डोळ्यांना हात लावायचा नाहीत. आतून आई म्हणायची, "त्याचं बघून झालं आसंल तर जेवा आता, भाकर गार व्हायलीय."

आणि वेबसाइट करायच्या थोडं आधीची, भोकरकडची ती म्हातारी. तिनं कापूस वेचून आणलेल्या मजुरीतून विहाराच्या मूर्तीला वर्गणी दिली होती. समितीचा एक पोरगा कामाचा अंदाज घ्यायला आपल्याकडं आला आणि जाता जाता ओल्या मूर्तीचा फोटो काढून घेऊन गेला, उभ्यानं, तेही डोळ्यांचं काम व्हायच्या आधी. तो फोटो गावभर फिरला. म्हातारीनं तो नातवाच्या फोनात बघितला आणि म्हणाली, "ह्यो तर निजलाय की." अनावरणाच्या दिवशी मी तुमच्याबरोबर होते. कापड निघालं, विहारातल्या सगळ्या माना वर झाल्या, लहान पोरांच्यासुद्धा. ती मात्र दाराशी बसून पदराच्या टोकाशी चाळा करत होती. तुम्ही तिच्याजवळ जाऊन बसलात. म्हणालात, "माय, वर बघ की जरा." ती म्हणाली, "बघितला की, बापा. नातवाच्या फोनात बघितला." आणि तिनं काही मान वर केली नाही. परतीच्या वाटेवर नांदेड येईपर्यंत टेम्पोत तुम्ही मूर्ती बांधायचा दोर मांडीवर घेऊन बसला होतात. त्यानंतर कारखान्यात फोटो बंद झाले. मी एकदा चुकून फोन वर केला तर तुम्ही माती ओली ठेवायचं फडकं माझ्या हातावर टाकलंत. "उभ्यानं बघायची चीज हाय का ही? उभ्यानं लोक भाजी घेतेत."

तर आता त्या मुलीनं काय केलं ते सांगते. आपल्याकडं चेहऱ्यांचे फोटो नाहीत म्हटल्यावर तिनं गावांची नावं घेतली आणि लोकांनी स्वतःच टाकलेले फोटो शोधून काढले. वाढदिवसाचे, लग्न लागल्यावर पाया पडायला आलेल्या जोडप्यांचे, कुणाच्या नोकरीच्या पेढ्यांचे. सगळ्यांच्या मागं तुमची मूर्ती. ते चेहरे कापून तिनं एका पानावर लावले. तुमच्या सगळ्या मूर्ती मी एका वेळी एका जागी पहिल्यांदाच बघितल्या, अप्पा, आणि मला रडू आलं. पण ते कौतुकाचं नव्हतं. फोटो सगळे उभ्यानं काढलेले. ओळीनं सगळे निजलेले. ती मुलगी हळूच म्हणाली, "मलाही तसंच वाटलं होतं, म्हणून एक करून बघितलंय." तिनं दुसरं पान उघडलं. त्यावर तेच चेहरे होते आणि सगळ्यांचे डोळे तिनं कॉम्प्युटरवर थोडे थोडे उघडले होते.

खरं सांगते, छान दिसत होते. कुणालाही पहिल्या नजरेत आवडावेत असे. मी ते फोनवर घेऊन आले आणि मिस्त्रींना दाखवले. मला वाटलं होतं ते चिडतील, तुमची आठवण काढतील. त्यांनी चष्मा पुसून नीट बघितलं आणि म्हणाले, "चालंल की. पोट भरायचं तर डोळे उघडेच ठिवावे लागतेत." मग आईला दाखवले. तिनं फोन लांब धरून बघितला, पुन्हा जवळ आणला. विचारलं, "मूर्ती देतावक्ती असेच डोळे करणार हायस का तू?" मी तिच्या हातातून फोन घेतला. असे डोळे केले तर ती तुमच्या हाताची मूर्ती राहत नाही. नाही केले तर एक दाखवून दुसरं दिल्यासारखं होतं. त्या आठवड्यात मी ते चेहरे पुन्हा पुन्हा उघडून बघितले. तुमचा रागही आला. जाताना साचे ठेवून गेलात, कोरण्या ठेवून गेलात, पण असं काही झालं तर काय करायचं हे सांगून गेला नाहीत.

शेवटी मी तिला म्हणाले, उघडलेले डोळे नकोत आणि कापडही नको, आपण जाऊन फोटो काढू. तिच्या स्कूटीवरून आम्ही आधी जवळच्या विहारांत गेलो, मग एसटीनं लांबच्या. पहिल्या विहारात मी तिला फरशीवर बसवलं आणि वर बघायला सांगितलं. मी शेजारी बसून तिच्या तोंडाकडं बघत राहिले. ती बसली, बघितलं, कॅमेरा थोडा वाकडा केला, दोन-तीन फोटो घेतले आणि म्हणाली, "इथून बरं येतंय, ताई. लाइटपण चांगला आहे." बस्स. मला तिचा एवढा राग आला की येताना स्कूटीवर मी मागची दांडी धरून बसले, तिच्या खांद्याला हात लावला नाही. नंतर वाटलं, तिचं काय चुकलं? तिला नेमून दिलेलं काम तिनं केलं. फोटोत ती नजर पूर्ण येत नाही, निम्मी येते. पण निजलेला तरी वाटत नाही.

गावांना मी विचारून मगच फोटो घेतले. भोकरकडच्या त्या गावात समितीची माणसं हसायला लागली. "टाका की, त्यात काय इचारायचं? आमी तर रोज टाकतो." म्हातारी आता नाही. माझा सगळा धीर तिथं गेला, अप्पा. ज्यांच्यासाठी म्हणून तुम्ही चेहरा झाकून ठेवलात, त्यांनी तो केव्हाच जगभर पाठवून दिला होता. मग इतकी वर्षं ते कापड कुणासाठी होतं? नवीन गाव जुन्या गावाचा चेहरा बघून 'सेम टू सेम द्या' म्हणतं, असं तुम्ही सांगायचात. तेही खरं असेल. पण येताना एसटीत माझ्या मनात एक वाईट विचार आला आणि तो जात नाही. तुम्हाला भीती तर वाटत नव्हती ना? बघणारा बसेलच कशावरून, नीट बघेलच कशावरून, अशी? कापड असलं की कुणाला नावं ठेवता येत नाहीत. तुम्ही असता तर हे विचारायची माझी छाती झाली नसती. तुम्ही नाही म्हणून विचारते आहे, आणि उत्तर मिळणार नाही म्हणून थोडं सुटल्यासारखंही वाटतं.

तुमच्यानंतर मी एकच पूर्ण मूर्ती केली, निलंग्याकडच्या एका वस्तीसाठी. माती तीच, कोरण्या त्याच. पोत्यावर बसवायला मात्र कुणी नव्हतं. मी स्वतःच स्टुलावरून उतरून खाली बसायचे, बघायचे, पुन्हा चढायचे. ज्याच्या हातानं पापणी केली त्याच्याच डोळ्यांना ती बरी झाली की नाही हे कळत नाही, एवढं मला तेव्हा समजलं. मिस्त्रींना बसवलं. त्यांना जेवायला जायचं होतं, ते बसता बसताच म्हणाले, "हाव, हाव." आईचे गुडघे खाली बसू देत नाहीत. अनावरणाच्या दिवशी सगळे आत बसले आणि मी टेम्पोपाशी दोर गुंडाळत उभी राहिले. लोकांनी बाहेर येऊन चांगलं म्हटलं. लोक चांगलंच म्हणतात. आता फोटोच्या निमित्तानं त्या विहारात गेले तेव्हा त्या मुलीला बाहेर थांबवून मी एकटी फरशीवर बसले. बराच वेळ बसले. तो माझ्याकडं बघत होता असं एकदा वाटलं, आणि मग वाटलं की मला तसं वाटून घ्यायचंय.

हे लिहायला घेतलं होतं ते मधेच राहिलं, आणि परवा नवी वेबसाइट सुरू झाली. चांगली झाली आहे. निळा रंग गेला, सरकणारी पट्टी गेली, पहिल्या पानावर तुमची विष्णुपुरीजवळची मूर्ती आहे, खालून घेतलेली. देगलूरकडच्या सेक्रेटरीला मी लिंक पाठवली, त्यानं अंगठा पाठवला. एका गावाचा फोन येऊन गेला, त्यांनी येतो म्हटलं आहे. येतात की नाही ते बघायचं. 'आमच्याविषयी'साठी मी त्या मुलीला दोनच ओळी दिल्या : हा कारखाना माझ्या वडिलांनी सुरू केला, त्यांच्या मूर्ती शक्यतो बसून बघाव्यात. तिला त्या आवडल्या. हे जे लिहिलंय ते तिला देणार नाही, आईलाही वाचून दाखवणार नाही.

फक्त एक राहिलं. सगळ्या चेहऱ्यांत निलंग्याकडचा एकटाच कापडाखाली कसा, असं त्या मुलीनं आज फोन करून विचारलं. त्या मूर्तीचा मी तिला टेम्पोत चढवतानाचा जुना फोटो दिला होता. मी म्हणाले, त्याचं अनावरण व्हायचंय अजून. बरं म्हणाली, झालं की पाठवा, बदलून टाकते. अनावरण तर केव्हाच झालंय, अप्पा. कापड मी घातलंय.